फोकसनिष्ठ

अमावास्येलगतच्या शनिवारी कर्जतच्या गाडीने वांगणीला उतरणाऱ्या आकाशप्रेमी मंडळींत एक गृहस्थ हमखास असे असतात, की ज्यांच्याजवळ आठ इंची आरशाची उत्तम दुर्बीण असूनही तिच्यातून कोणी गुरू पाहिल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. कारण गुरू दाखविण्यापूर्वी तो ‘शार्प’ झाला पाहिजे अशी त्यांची अट असते आणि तो झाला की नाही याचा निवाडा करण्याचा अखत्यार त्यांनी स्वतःकडे राखून ठेवलेला असतो.

त्यांचा पक्ष मात्र शास्त्रतः लंगडा नसतो. घुंडी फिरवताना तारा लहान होत होत पुन्हा फुगू लागला, की नेमकी जागा मागे पडली असे समजून परतावे, हे ते प्रत्येक नवागताला ऐकवतात. आरशाच्या व्यासाच्या पाचपट नाभ्यंतर असलेल्या त्यांच्या दुर्बिणीत ही नेमकी जागा मिलिमीटरच्या जेमतेम विसाव्या भागाएवढी असते. शिवाय रात्र निवत जाईल तशी नळी आकसते, म्हणजे नऊ वाजता कमावलेला फोकस अकरा वाजता रद्दबातल. एवढ्या भक्कम पुराव्यापुढे रांगेने फिर्याद ती काय करावी?

पावेल बाख्तिनोव या रशियन हौशी खगोलप्रेमीने हा तंटा मिटविण्यासाठी एक जाळी योजली. ती नळीच्या तोंडावर बसवली, की ताऱ्यातून फुटणाऱ्या तीन रेषांपैकी मधली बरोबर मध्यावर येताच फोकसचा निकाल लागतो. आमचे गृहस्थ त्या निकालावरही अपील करतात. एकदा जाळी काढायची राहून गेली, तेव्हा एक काकू ‘तारा अगदी चित्रातल्यासारखा दिसतो हो!’ म्हणत तृप्त होऊन परतल्या. त्या रात्रीचा हा एकमेव यशस्वी दर्शनसोहळा गृहस्थांनी अपमानांच्या खाती जमा केला.

गेल्या खेपेस मध्यरात्रीनंतर एकदाचा रांगेला प्रवेश मिळाला. जाड भिंगांचा चष्मा काढून नेत्रिकेला डोळा लावणाऱ्या एका मुलाने, निर्मळ नजरेच्या माणसाचा फोकस ऱ्हस्वदृष्टीला धूसरच दिसणार या न्यायाने, घुंडीला मुकाट्याने पाव फेरा दिला आणि आनंदाने ओरडला, ‘काका, चारही चंद्र!’ काकांनी पाहिले तो गुरूचा पार कापूस पिंजलेला. ‘कोणी हात लावला?’ या गर्जनेसरशी दर्शन तहकूब झाले, रांगेला चहा पिऊन येण्याचे फर्मान सुटले. आणि रांग, चहाची वाट सोडून, शेजारच्या पोराच्या तीन इंची दुर्बिणीकडे वळली, जिच्यातला गुरू किंचित अस्पष्ट, परंतु सर्वांना खुला होता.