घरच्या घरी

पार्लरमध्ये पैसे मोजताना ज्यांच्या जिवावर येतं आणि तीच गोष्ट घरी करताना दुप्पट खर्च झाला तरी ज्यांचा चेहरा फुलतो, अशी एक जमात आहे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी त्या जमातीच्या. फेशियल, मेंदी, पडदे, सगळं घरच्या घरी. सध्या नखं चालू आहेत. साधी नव्हेत, अंधारात चमकणारी.

"अहो भावजी, दिवा नको, मशीन नको, दोन मिनिटांत कडक!" किट आलं त्या दिवशी त्यांनी जिन्यातच मला गाठलं. तसं ते खरंच आहे. जेल पॉलिशला यूव्ही दिवा लागतो, डिप पावडरला लागत नाही. नखाला बेस लावायचा, बोट पावडरीत बुडवायचं, असं दोन-तीनदा करायचं, मग ॲक्टिव्हेटर आणि शेवटी टॉप कोट. बेस फेविक्विकच्या कुळातला, पावडर ॲक्रिलिकची. ॲक्टिव्हेटर लागला की दोन्ही मिळून दगड.

वहिनींना हे करताना बघावं. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात, श्वास रोखलेला. करंगळी तिरपी करून डबीत घालतात, अलगद वर काढतात आणि मेकअपच्या जुन्या ब्रशने जादा पावडर झटकतात. डावा हात सुरेख होतो. मग उजव्याची पाळी येते, डावा हात ऐकत नाही, आणि "अहो, इकडे या जरा!" अशी हाक खालपर्यंत ऐकू येते. दादा बिचारे चष्मा सावरत येतात. एकदा त्यांनी ॲक्टिव्हेटरचा ब्रश चुकून बेसच्या बाटलीत घातला. ब्रश आत उभाच्या उभा थिजला. पक्कड आणून ओढला तर नुसता दांडा हातात आला. वहिनी त्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि दादांच्या मते तीच शिक्षा होती. नवी बाटली मागवली.

दोन मिनिटांत कडक होणारं हे नख कणीक मळायची वेळ झाली की मात्र तासभर ओलं असतं.

सासूबाईंनी पहिल्याच रात्री विचारलं, "रेडियम लावलंयस की काय?" वहिनी याच प्रश्नाची वाट बघत होत्या. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत, न्यू जर्सीत, घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग भरणाऱ्या पोरी गंमत म्हणून तोच रंग नखांना फासायच्या. टोक काढायला ब्रश ओठांत धरायच्या, पुढे त्यांचे जबडे कुजले. हे सगळं वहिनींनी सासूबाईंना जेवता जेवता, आमटी वाढताना सांगितलं. "माझं ते नव्हे हो आई. हे स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट. 1993 साली जपान्यांनी काढलं. उजेड पितं आणि अंधारात सोडतं, बास." सासूबाईंनी आमटी परत केली.

अडचण दोनच. ही पावडर दिवसा फिकट, जवळजवळ पांढरी दिसते, आणि वहिनींच्या स्वयंपाकात हळद असते. त्यामुळे चार दिवसांत नखं दिवसा पिवळी आणि रात्री हिरवी. दुसरी अडचण अंधाराची. सोसायटीत जनरेटर आल्यापासून दिवे जातच नाहीत. मग वहिनी येईल त्या पाहुण्याला बेडरूममध्ये नेतात, पडदे ओढतात आणि "थांबा, आधी चार्ज करते" म्हणत मोबाईलचा टॉर्च नखांवर धरतात. गॅसचं पुस्तक तपासायला आलेला माणूसही यातून सुटला नाही.

नखं काढायचा दिवस वेगळाच. वरचा थर कानशीने घासायचा, ॲसिटोनचा कापूस ठेवून प्रत्येक बोटाला फॉइल गुंडाळायची आणि दहा-पंधरा मिनिटं बसायचं. नेमकी तेव्हाच बेल वाजते. दहा चंदेरी टोप्या घातलेले हात छातीशी धरून वहिनी दार कोपराने उघडतात, आणि ओटीपी वाचून दाखवायला पुन्हा दादा. धीर सुटला की त्या नखं उपटतात. असं उपटलं की खालच्या नखाचाही पापुद्रा निघतो, हे त्यांना माहीत आहे. दुसऱ्यांना त्याच बजावतात.

आता ही विद्या त्यांना वाटायची आहे. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्रत्येकीला एकेक नख! प्लॅस्टिकच्या डब्यांपेक्षा कितीतरी बरं, असं माझं प्रामाणिक मत. आमची ही चमकणारी करंगळी घेऊन आली आणि त्या रात्री पांघरुणाखाली दहादा बघत बसली. पण सगळ्या सोसायटीची बोटं एकाच डबीत बुडाली, हे तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. तेव्हा तुम्हांला बोलावणं आलं तर जरूर जा, तिळगूळ घ्या, नखही करून घ्या. फक्त पावडर वेगळ्या वाटीत काढून मागा. वहिनी रागावणार नाहीत, वाटी तेवढी धुऊन परत द्या.