कृतज्ञ कसे व्हावे : मोलगीतल्या नवशिक्या आईबापांसाठी

ही पुस्तिका कोणासाठी?

बदलीचा कागद हातात घेऊन देवगोईचा घाट चढून आलेल्या, घरात पाच वर्षांखालचं निदान एक मूल असलेल्या आणि सातपुड्यातल्या मोलगीतला पहिला हिवाळा कसाबसा काढलेल्या कुटुंबांसाठी. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, बँकेतले लोक, सगळ्यांना चालेल. ज्यांची मुलं मोठी होऊन नंदुरबारला वसतिगृहात गेली आहेत, त्यांना पुस्तिकेची गरज नाही. ते आपोआप कृतज्ञ असतात.

साहित्य

मूल एक. दोन असल्यास प्रमाण दुप्पट आणि झोप निम्मी धरावी. कानटोप्या जितक्या हरवल्या त्याहून एक जास्त. पाण्याचे हंडे. एक झाकणाचा डबा. कृतज्ञतेची वही आणि पेन आणायची गरज नाही. का, ते पहिल्या पायरीत येईल.

पूर्वतयारी : थंडी गेली हे ओळखणे

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते, असं सपाटीवर म्हणतात. सातपुड्यात ती निघते, पण पिशवी विसरल्यासारखी पहाटे परत येते. दुपारी पंखा लागतो आणि पहाटे दोन गोधड्या. वर डाबच्या बाजूला तर ऐन हिवाळ्यात गवतावरचं दव गोठतं आणि पेपरात फोटो येतो. मुलांचा नियम साधा असतो : दुपारच्या उन्हात स्वेटर काढू द्यायचा नाही, पहाटेच्या गारठ्यात घालू द्यायचा नाही. हा नियम मोडण्यात आईबापाची शक्ती संपू लागली की थंडी गेली असं समजावं आणि कृतज्ञतेला सुरुवात करावी.

पायरी १ : वही बाजूला ठेवा

शहरातली पुस्तकं सांगतात, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहा. करून बघायला हरकत नाही. ‘धाकट्याचं नाक वाहायचं थांबलं’ ही पहिली. ती लिहून होते न होते तोच कळतं की थांबलं नव्हतं, तो पालथा झोपला होता. ‘थोरली शांत बसली आहे’ ही दुसरी. ती का शांत आहे ते बघायला उठलात की तिसरी लिहायची राहते. तेवढ्यात वीज जाते. सकाळी वहीची होडी झालेली असते आणि पेनाचं टोपण कुठे गेलं हे कोणालाच माहीत नसतं. पुढचे दोन दिवस फक्त त्या टोपणाची वाट बघण्यात जातात.

मनात आलं आणि कागदावर उतरलं, इतक्याने इथे काम भागत नाही. म्हणून पुढे चला.

पायरी २ : यादीऐवजी उधारी मोजा

चांगलं काय झालं, हे विचारू नका. ते कोणामुळे झालं, हे विचारा. मग हिवाळा वेगळाच दिसू लागतो. तुमच्या घरात शेगडी नव्हती, तरी मुलं सकाळी ऊब घेऊन शाळेत गेली, कारण शेजारच्या अंगणात शेकोटी होती. त्या शेकोटीचं लाकूड कोणीतरी डोक्यावरून उतारावरून आणलं होतं. मुलाला ताप आला त्या रात्री आशाताई बॅटरी घेऊन आली. अंगणवाडीतल्या मदतनीस मावशींनी तुमच्या मुलाला उकडलेलं अंडं खायला शिकवलं. २०१५ साली सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं आणि पुढे लहान मुलांना अंडं किंवा केळं मिळू लागलं. शासनाचा निर्णय अंडं देतो. पिवळा भाग थुंकून न टाकता गिळायला लावणं हे मावशींचं काम. त्याचा शासननिर्णय अजून निघालेला नाही.

नवशिक्यांनी उधारी मोठ्याने मोजावी. आपण स्वतःच्या हिमतीवर हिवाळा काढला, असं वाटत असेल तर पुन्हा मोजावी.

पायरी ३ : फेडायला शिका

इथले लोक या विषयात पुढे आहेत, त्यामुळे वर्ग बाहेरच भरतो. महाशिवरात्रीच्या सुमाराला सातपुड्यातले लोक गुजरातेतल्या देवमोगऱ्याला याहामोगी देवीच्या दर्शनाला निघतात. जीपच्या टपावर, ट्रॅक्टरमध्ये, पायी. बांबूच्या नव्या टोपलीत नवं धान्य असतं आणि कडेवर मूल. पीक आलं, तर त्यातलं आधी देवीला पोचवायचं. बरं वाटलं म्हणून हात जोडले आणि संपलं, असं नाही. त्यासाठी घाट उतरून, रांगेत उभं राहून, रडणाऱ्या पोराला सांभाळत जावं लागतं.

याच भागातल्या ‘इंदल’ची रीत बघा. घरातलं माणूस बरं व्हावं, मूल व्हावं, पीक यावं म्हणून नवस बोलतात. तो पुरा झाला की कळंबाची फांदी आणून रोवतात आणि रात्रभर नाच होतो. पाहुणे, नातेवाईक, गाव, सगळ्यांना जेवण. एका घराला वाटलेलं समाधान सगळ्या गावाचे पाय दुखेपर्यंत वाटून टाकतात. शेतातल्या कामालाही तीच रीत : ‘लाह’ बोलावली की लोक येऊन तुमचं शेत उरकतात, तुम्ही जेवू घालता आणि त्यांची पाळी आली की तुम्ही जाता.

सराव : शेजारच्या आजीने थंडीत मुलासाठी दिलेली गोधडी अजून तुमच्याकडे आहे. ती धुवा, वाळवा, परत करा. साहित्यातला झाकणाचा डबा आता काढा. रिकाम्या हाताने जाऊ नका. तुम्ही डबा द्याल, तर तो भगर भरून परत येईल. मोलगीची भगर बाजारात नाव मिळवून आहे, तेव्हा हा व्यवहार तोट्याचा नाही; पण उधारी मात्र पुन्हा चढली, हे लक्षात घ्या. ती कधीच शून्यावर येत नाही. तशी ती येऊही नये.

पायरी ४ : होळी, मुलांसह

हा प्रगत धडा आहे. मोलगीजवळच्या काठीची राजवाडी होळी १२४६ पासून चालत आली आहे, असं सांगतात. खड्डा हाताने खणतात, उंच बांबू उभा करतात, रात्रभर ढोल वाजतात आणि होळी पेटते ती पहाटे. नवस असलेले लोक बावा आणि बुध्या होऊन, अंगावर ठिपके काढून, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरं किंवा भोपळे बांधून नाचतात. त्याआधीचे काही दिवस ते कडक व्रत पाळतात, जमिनीवर झोपतात.

तुम्हीही गेले कित्येक महिने जमिनीवर झोपता आहात, कारण पलंगावर मुलं आडवी झोपतात. पण त्याला व्रत म्हणता येत नाही. व्रत स्वतःहून धरावं लागतं.

कृती : मुलांना संध्याकाळी झोपवून रात्री उठवायचं, असं ठरवा. मुलं संध्याकाळी झोपणार नाहीत. मध्यरात्री ढोलाच्या शेजारी उभी राहून गाढ झोपतील आणि होळी पेटताना तुम्ही ‘उठ, बघ बघ’ म्हणून हलवाल तेव्हा भोकाड पसरतील. हे बरोबर आहे. तुमच्या आजूबाजूला शेकडो आईबाप हेच करत असतील. थोरली मात्र पुढचे दोन आठवडे कमरेला दुधी भोपळा बांधून घरात नाचेल. तो भोपळा भाजीसाठी आणला होता, हे विसरून जा.

पायरी ५ : मोहाखाली

होळीच्या मागेपुढे मोह गळायला लागतो. फुलं रात्रीतून पडतात, म्हणून बाया आणि मुलं पहाटेच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. परवानगी घेऊन आपलंही मूल न्या, कारण प्रत्येक झाड कोणाचं ते गावाला ठाऊक असतं. वेचलेली फुलं त्या घराच्या टोपलीत टाकायची. तुमचं मूल एक टोपलीत टाकेल आणि दोन खाईल. त्या घरची मुलं ते बघून हसतील आणि तुमच्या मुलाला वेचायचं कसं ते दाखवतील. तुम्ही काही शिकवू नका. गप्प उभं राहणं हाच या पायरीचा अभ्यास.

इशारा : हे औषध चुकीच्या पद्धतीने घेऊ नये

दिवाळीनंतर या डोंगरातली अनेक कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत आणि इतर जिल्ह्यांत जातात. पाचटाच्या खोपीत त्यांचा हिवाळा जातो आणि लहान मुलं बरोबर असतात. होळीसाठी ती परत येतात. अंगणवाडीत मुलांची वजनं पुन्हा होतात आणि काट्याकडे बघताना सेविकाताईंचा चेहरा बदलतो.

अशा वेळी ‘त्यांच्याकडे बघा, मग आपण किती सुखी ते कळतं’ असं वाक्य तुमच्या तोंडी येईल. ते गिळा. दुसऱ्याच्या मुलाचं घटलेलं वजन हे आपल्या समाधानाचं माप नव्हे. त्या मुलाकडे बघून काही वाटलंच, तर त्याचं नाव पटावर आहे का, त्याला दाखला मिळाला का, पोषण आहार सुरू झाला का, एवढं तुमच्या खुर्चीवरून होण्यासारखं असेल तर करा. तुमची बदली इथे झाली ती बहुधा त्यासाठीच. कृतज्ञतेच्या नावाखाली कामाला दांडी मारता येत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मूल रात्रभर खोकत असताना कृतज्ञ राहायचं का?
नाही. तेव्हा दवाखान्यात जायचं. मोलगीत ग्रामीण रुग्णालय आहे. कृतज्ञता सकाळी, नर्सताईंना चहा देताना.

मुलांना ‘थँक्यू म्हण’ असं शिकवावं का?
शिकवा, पण डबा त्यांच्याच हातात देऊन पाठवा. अर्धं वाटेत सांडेल. उरलेलं पुरतं.

गुण किती दिवसांत येतो?
पुढचा हिवाळा लागायच्या आत आला तर चांगलंच. नाही आला तर निदान गोधडी मागायला जाताना तोंड लपवावं लागणार नाही.

घरातल्या जोडीदाराबद्दलही कृतज्ञ राहायचं का?
हो, सगळ्यात आधी. पण ते बोलून दाखवण्यापूर्वी उन्हाळा तोंडावर आला आहे, हातपंपावर रांग लागायला लागली आहे, हे लक्षात घ्या आणि पहाटेच्या हंड्याला उद्या कोण जाणार ते सांगा. ‘मी जातो’ एवढं म्हटलंत तर बाकीचं भाषण करायची गरज नाही.