स्वस्त ड्रमसेट आणि मंडळीची शांती

तरुण संघाने ‘आपल्या चर्चला ड्रमसेट हवा’ असा अर्ज दिला, की मंडळीत एकाएकी पवित्र शास्त्राचे वाचन वाढते. ड्रमच्या बाजूचे लोक 150वे स्तोत्र काढतात. त्यात डफ आहे, झांजा आहेत आणि त्या चांगल्या दणक्यात वाजणाऱ्या आहेत. विरोधक करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 13व्या अध्यायावर बोट ठेवतात. झांज तिथेही आहे, पण प्रीती नसलेल्या माणसाच्या बोलण्याला पौलाने दिलेली उपमा म्हणून. दोन्ही पक्षांची वचने बरोबर असल्यामुळे प्रकरण शेवटी खजिनदाराकडे जाते. पुढील मार्गदर्शन त्यांच्यासाठी आहे.

1. उपसमिती नेमणे

उपसमितीत ड्रम वाजवता येणारा एकही माणूस नसावा, अशी परंपरा आहे. एक सदस्य मात्र असा हवा, ज्याच्या भाच्याची मुंबईत धोबी तलावाच्या वाद्यांच्या दुकानात ओळख आहे. भाचा शेवटपर्यंत फोन उचलत नाही, पण त्याच्या भरवशावर दोन बैठका सहज निघतात. दुसरे एक ज्येष्ठ सदस्य हवेत, जे दर बैठकीत ‘टिळकांच्या काळी पेटी-तबल्यावर भागत होतं’ असे सांगतील. त्यांच्याशी वाद घालू नये. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे भजन-कीर्तनाला मराठी उपासनेत मानाची जागा मिळवून दिली. त्याआधी मंडळ्यांमधून बरीचशी भाषांतरित गीते विलायती चालींवर गायली जात. म्हणजे तबलाही कधीकाळी चर्चमध्ये नवाच होता. हा मुद्दा मनात ठेवावा, बैठकीत काढू नये. चहा दुसऱ्यांदा मागवावा लागतो.

2. मोजणी

दुकानदार ‘फाइव्ह पीस’ म्हणतो. पाच म्हणजे एक बास ड्रम, एक स्नेअर, दोन टॉम आणि एक फ्लोअर टॉम. झांजा या पाचांत धरत नाहीत. खोक्यावर ‘शेल पॅक’ असेल तर झांजाच काय, स्टँड, पेडल आणि स्टूलही बहुधा आत नसते. हे खोके चर्चमध्ये उघडल्यावर कळते आणि वाजवणारा पहिल्या रविवारी संडे स्कूलच्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे छातीशी घेऊन बसतो.

म्हणून भाव विचारण्याआधी यादी वाचून दाखवावी: 14 इंची हाय-हॅटची जोडी, 16 इंची क्रॅश, 20 इंची राइड, तिन्हींचे स्टँड, स्नेअरचा स्टँड, बास ड्रमचे पेडल, स्टूल आणि किल्ली. किल्ली बोटाएवढी असते आणि सर्वांत आधी तीच हरवते. दोन घ्याव्यात; एक पाळकसाहेबांकडे ठेवावी.

आकाराबाबत तरुण संघ 22 इंची बास ड्रमचा आग्रह धरेल, कारण व्हिडिओत तोच दिसतो. दोनशे माणसांच्या चर्चला 20 इंची भरपूर होतो. 18 इंची मिळाला तर प्रार्थनेचे उत्तर समजावे.

3. लाकूड

स्वस्त सेटची पिंपे बहुधा पॉप्लरची असतात. बर्च आणि मेपल पुढच्या किमतीतले. ‘साहेब, मेपल घ्या, आवाज गोल येतो,’ असे दुकानदार सांगेल. येतो. पण मिशनच्या काळातल्या दगडी चर्चमध्ये उंच छत आणि उघडी शहाबादी फरशी त्या गोल आवाजाचे काय करतात, ते दुकानदाराने ऐकलेले नसते. तिसऱ्या बाकाच्या मागे पॉप्लर आणि मेपल यांत फरक करणारा कान आपल्या मंडळीत असेल, तर त्याला आधी गायकवृंदात घ्यावे.

खरा फरक वर ताणलेल्या हेडने पडतो. नवे, नीट लावलेले हेड असेल तर पॉप्लरही गोड बोलते. जुने, खड्डे पडलेले हेड मेपललाही वाया घालवते. लावताना एका स्क्रूनंतर त्याच्या समोरचा स्क्रू पिळायचा, थोडा थोडा, म्हणजे ताण सगळीकडे सारखा बसतो. हे काम मंडळीतल्या तबलजींना सांगावे. हातोडीने गट्टे सारून चारही बाजूंचा सूर जुळवण्यात त्यांची हयात गेलेली असते. शिवाय ड्रमसेटच्या आगमनाने ते रुसलेले असतात, तो रुसवाही निघतो.

4. झांजा

पैसा खर्च करायचा तो इथे. स्वस्त सेटबरोबर ‘फ्री’ येणाऱ्या झांजा बहुधा पितळी, म्हणजे तांबे आणि जस्ताच्या असतात. त्या एकदा ऐकल्या की पौलाला काय म्हणायचे होते ते विनाभाष्य उमगते. चांगल्या झांजा काशाच्या, तांबे आणि कथिलाच्या. कथिल 8 टक्के असेल तर मधली प्रत, 20 टक्के असेल तर वरची. इस्तंबूलच्या झिल्जन घराण्याची या धंद्यातली परंपरा 1623 पासूनची आहे, तेव्हा वरच्या प्रतीची किंमत ऐकून खजिनदारांनी ‘चारशे वर्षांचा अनुभव आहे’ असे स्वतःला समजवावे.

व्यवहारी मार्ग असा, की पिंपे स्वस्त घ्यावीत आणि झांजा जुन्या बाजारातून, पण काशाच्या. जुनी झांज घेताना काठावरून नख फिरवावे. चीर असेल तिथे ते अडकते, आणि चिरलेली झांज फुकटही घेऊ नये. मधले भोक गोल आहे की घासून लांबट झाले आहे, तेही पाहावे. जुन्या पिंपाचे हेड काढायला लावून काठ सपाट पृष्ठभागावर टेकवावा. खालून उजेड दिसला तर दुकानदाराचे आभार मानून बाहेर पडावे.

5. आवाज

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे 10 ते 6. बंद सभागृहात जोरात वाजवलेला ड्रमसेट 100 डेसिबलच्या घरात सहज जातो. नाताळच्या आदल्या रात्रीची उपासना किती वाजता सुरू होते, हे उपसमितीला माहीत आहेच. शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनाही माहीत आहे.

उपाय स्वस्त आहेत. जाड काठ्यांऐवजी बारीक काड्यांची जुडी बांधलेले रॉड द्यावेत. बास ड्रमच्या पोटात गोधडी घालावी. महिला मंडळाकडे मागितल्यास तीन येतात, एकच घालावी. सेटखाली सतरंजी नव्हे, जाड गालिचा अंथरावा. तो नसला तर गुळगुळीत फरशीवर बास ड्रम दर लाथेला पुढे सरकतो आणि चौथ्या कडव्यापर्यंत वेदीच्या दिशेने लागतो. जाळीचे हेड आणि भोके पाडलेल्या मंद झांजा मिळतात; सरावाला त्या उत्तम. समोर पारदर्शक पडदा उभारायचा असेल तर मागच्या भिंतीवरही जाड कापड लावावे. नाहीतर पुढे अडलेला आवाज मागून छताला जातो आणि तिथून थेट ज्येष्ठ सदस्यांच्या बाकावर उतरतो.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. स्नेअरच्या खालच्या अंगाला तारांची पट्टी असते. पाळकसाहेब धीरगंभीर आवाजात प्रार्थना करू लागले आणि बास गिटारवाल्याचा हात चुकून तारेला लागला, की ती पट्टी आपोआप कुरकुरते. लोक मोबाईल शोधू लागतात. पिंपाच्या बाजूला एक लहान खिटी असते. ती खाली पाडली की तारा सुटतात आणि आवाज बंद होतो. प्रार्थनेआधी खिटी पाडणे, हे वाजवणाऱ्याचे पहिले सेवाकार्य.

6. देणगीदार

पंख्याच्या पात्यांवर, बाकांच्या पाठीवर आणि घड्याळाच्या तबकडीवर जागा उरलेली नसल्याने बास ड्रमचे दर्शनी हेड हे मंडळीला मिळालेले नवे स्थावर आहे. 20 इंची वर्तुळात एका कैलासवासी आजोबांचे नाव, जन्ममृत्यूच्या तारखा आणि ‘कुटुंबीयांकडून सप्रेम’ एवढे बसते. दोन कुटुंबे असतील तर एकाला फ्लोअर टॉम द्यावा. कापणीच्या सणातल्या लिलावाचे पैसे वापरणार असाल तर हेड कोरे सोडावे, कारण ज्यांनी एक भोपळा तिप्पट भावाने घेतला ते सगळेच देणगीदार असतात.

7. ऑक्टापॅड

कोणीतरी हा पर्याय काढतोच. आठ रबरी चौकोन, जागा टेबलाएवढी, आवाज बटणावर, आणि ढोलकीपासून ड्रमपर्यंत सगळे आत. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा प्रत्येक मुलगा तो कोळून प्यालेला असतो. लहान चर्चला हा खरोखरच शहाणा पर्याय आहे. अट एवढीच, की वीज हवी आणि बरा स्पीकर हवा. वीज गेली की मंडळी आपोआप टिळकांच्या काळात जाते, आणि ज्येष्ठ सदस्यांच्या चेहऱ्यावर त्या रविवारी प्रथमच समाधान दिसते.

8. वाजवणारा

याची किंमत यादीत नसते, म्हणून उपसमिती त्याचा विचार शेवटी करते. परीक्षा सोपी आहे. त्याला ‘उपासना संगीत’मधले दादऱ्यातले एखादे गीत द्यावे आणि पेटीवाल्या मावशींना सुरुवात करायला सांगावे. दादरा सहा मात्रांचा. सवयीने चाराचा ठेका धरणारा दुसऱ्याच ओळीला मावशींपासून फारकत घेतो. मावशी चष्म्यावरून पाहतात, पण थांबत नाहीत. जो सहा मोजतो, भजनी आणि केरवा ओळखतो आणि मावशींचा आवाज झाकत नाही, तो आपला माणूस. जो पहिल्याच कडव्यानंतर सगळ्या टॉमवरून हात फिरवून क्रॅशवर उतरतो, त्याला सहा महिने टाळ द्यावेत.

असा माणूस मंडळीत असेल तर काशाची हाय-हॅट, एक स्नेअर आणि 18 इंची बास ड्रम एवढ्यावर उपासना उत्तम चालते. बाकीचे हळूहळू जमवता येते. नसेल तर कितीही स्वस्त सेट महागच पडतो. तेव्हा खजिनदारसाहेब, पहिला हप्ता दुकानदाराला देण्याआधी त्या पोराच्या शिकवणीची फी भरा.