यंदा काय बसवलंय?

भाऊमामाला मुलं भेटतच नाहीत, थेट कलाकार भेटतात. मे महिन्यात महालक्ष्मी एक्सप्रेस पहाटे मिरजेला थांबली, की तो डब्याच्या दाराशीच उभा असतो. नग किती, बॅगा कोण उतरवणार, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. डोळे चोळत उतरणाऱ्या सहा वर्षांच्या पोराला तो पहिलाच प्रश्न टाकतो, ‘‘काय, यंदा काय बसवलंय?’’ पोरानं काहीही बसवलेलं नसतं. ते स्वतःच रात्रभर कुणाच्या तरी मांडीवर बसून आलेलं असतं.

चारचौघांत पोरांना ‘जरा म्हणून दाखव’ म्हणणारं एक माणूस प्रत्येक घरात असतं. कुठे आत्या, कुठे काका. आमच्या वाट्याला आलं ते मिरजेचं, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. मिरजेत नुसता रेशनकार्डावर पत्ता असला तरी माणसाला गाण्यातलं कळायला लागतं, अशी तिथल्या लोकांची समजूत आहे. भाऊमामा आयुष्यभर बँकेत कॅशियर होता. सतारमेकर गल्लीत त्याची रोज संध्याकाळी एक चक्कर असते. पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे टांगलेले असतात, त्यांच्यावर टिचकी मारून तो मान हलवतो आणि पुढच्या दुकानात जातो. विकत काही घेत नाही. ‘‘हे मूळचे शिकलगार. हत्यारं घासायचे. तलवारी गेल्या, सतारी आल्या,’’ हे तो आम्हाला दर सुट्टीत नव्यानं सांगतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यानं गल्लीत पेढे वाटले. मामी म्हणाली, ‘‘पेन्शन लागू झाली तेव्हा हातावर साखरसुद्धा ठेवली नव्हती यांनी.’’

कार्यक्रम रोज संध्याकाळी, जेवणाआधी. आमरसाच्या दिवशी तर हा नियम फारच कडक, कारण रस पोटात गेला की श्रोता कामाचा राहत नाही, असा मामाचा अनुभव आहे. माजघरात सतरंजी पडते, टेबलफॅन कलाकाराकडे वळवला जातो आणि आम्ही पंधरा-वीस जण घामाघूम होऊन रसिक बनतो. तेवढ्यात दारात जो येईल तो श्रोता. विरजण मागायला आलेल्या शेजारच्या काकू हातात रिकामी वाटी धरून अख्खी रामरक्षा ऐकून गेल्या. गॅसवाल्याला ‘‘बसा हो पाच मिनिटं, पाणी प्या’’ म्हणून बसवलं, तर बिचाऱ्यानं कथक पाहिलं आणि जाताना मुलीच्या हातावर दहा रुपये ठेवले. न्यू जर्सीचा भाचाही यातून सुटत नाही. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे उन्हाळ्यात तिकडे सकाळचे अकरा, हे गणित मामाला पाठ आहे. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवतात आणि पलीकडून एक मुलगा सीरियल खाता खाता मनाचे श्लोक म्हणतो. मध्येच चित्र गोठलं, तरी मामा ‘‘वाहवा’’ म्हणायचा थांबत नाही.

‘‘लाजायचं नाही, आपलीच माणसं आहेत,’’ हे त्याचं पालुपद. वास्तविक आपल्याच माणसांची लाज सर्वात जास्त वाटते. परक्यांना निदान आपण अंथरूण कितव्या वर्षापर्यंत ओलं करत होतो ते माहीत नसतं.

आणि प्रास्ताविक! मुलाचं गाणं दोन मिनिटांचं, मामाचं प्रास्ताविक वीस मिनिटांचं. सुरुवात कुरुंदवाडपासून. फटाक्यानं डोळे अधू झालेले लहानगे विष्णू दिगंबर औषधपाण्यासाठी मिरजेत आले, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले आणि १९०१ साली थेट लाहोरात त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. इथे मामा पाणी पितो. मग अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत येऊन राहतात, दर्ग्याच्या उरुसात गाणी होतात, किराणा घराणं बहरतं. आणि शेवटी, ‘‘तीच परंपरा पुढे नेतोय आपला चिन्मय. चिन्मय, ये बाळ. काय म्हणणार?’’ चिन्मय ‘ससा तो ससा’ म्हणतो.

स्वतः मामा काय करतो? काही नाही. सूर नाही, ताल कामापुरता. मामी सांगते, लग्नात याला नाव घ्यायला सांगितलं तर दरदरून घाम फुटला. शेवटी भटजींनीच ‘‘राहू दे, मुहूर्त टळेल’’ म्हणून सोडवलं. मामा यावर हसतो आणि विषय बदलतो. हे आम्ही विनोद म्हणूनच ऐकत आलो होतो.

यंदा मात्र खरा कार्यक्रम होता. मामाची नात सई, वय अकरा, तबला शिकते. तिच्या क्लासचा सुट्टीतला जलसा, सभागृहात, माइक लावून. मामानं आठवडाभर आधी सगळ्यांना जागा नेमून दिल्या होत्या: उंच माणसं मागे, खोकणारी माणसं कडेला. घरी रोज सईमागे भुणभुण, ‘‘सई, हात जरा मोकळा सोड. सई, खाली दिसू दे, खाली.’’ सई शांतपणे ‘‘हो आजोबा’’ म्हणायची आणि गुरुजींनी सांगितलं तसंच वाजवायची. एकदा तर तिनं हातोडी पुढे करून, ‘‘तुम्ही लावता का?’’ असं इतक्या सौजन्यानं विचारलं, की मामा देवाला दिवा लावायला उठला.

सईचं नाव पुकारलं गेलं. तिनं चुंबळ सारखी केली, तबला त्यावर टेकवला, हाताला पावडर लावली आणि उरलेली फ्रॉकला पुसली. पेटीवर तीनतालाचा लेहरा सुरू झाला. मी सवयीनं मामाकडे पाहिलं, तर खुर्ची रिकामी.

बाहेर चपलांच्या ढिगाऱ्याशी सापडला. सभागृहाकडे पाठ, भिंतीला कपाळ जवळजवळ टेकलेलं. उजवा अंगठा बोटांच्या पेरांवरून चालला होता, एकेका बोटावर चार, असे सोळा, पुन्हा पहिल्या पेरावर. ओठ हलत होते. नवव्या मात्रेला, खालीला, हात आपोआप उलटा होत होता. मी ‘‘मामा, आत चल ना’’ म्हणालो, तर न बघताच खेकसला, ‘‘थांब रे, कायदा चाललाय.’’ आत ‘धाधा तिट’ची पटपट दुगुन सुरू झाली तसा इकडे अंगठा धावायला लागला. कपाळावर घामाचे थेंब. सगळ्या खानदानाला सतरंजीवर उभं करणाऱ्या या माणसाला स्वतःच्या नातीकडे बघवत नव्हतं.

मग तिहाई आली. पहिला ‘धा’ पडला, दुसरा पडला, आणि आमच्या मंडळींनी सवयीप्रमाणे तिथेच टाळ्या वाजवल्या. मामा भिंतीकडे तोंड करून कळवळला, ‘‘अरे गाढवांनो, अजून एक ‘धा’ आहे! अजून एक!’’ सईचा तिसरा ‘धा’ टाळ्यांच्या गदारोळात चोख समेवर पडला. तो ऐकणारे बहुधा तिचे गुरुजी आणि चपलांपाशी उभे असलेले आम्ही दोघेच.

मामानं रुमालानं तोंड पुसलं, शर्ट खोचला आणि आत जाऊन पहिल्यापासून तिथेच बसल्यासारखा बसला. सई खाली आली तेव्हा त्यानं तिच्या पाठीवर थाप मारली. ‘‘छान. पेशकारात थोडी घाई झाली.’’

मामी म्हणाली, ‘‘पेशकार वाजत होता तेव्हा तुम्ही कुठे होतात?’’

‘‘पार्किंगला. गाडी नीट लागली नव्हती.’’

आम्ही आलो होतो रिक्षांनी.

परतताना मामा, मामी, सई, मी आणि मांडीवर तबला-डग्गा, असे एका रिक्षात कोंबलो. रिक्षावाल्यानं आरशातून डग्ग्याकडे पाहिलं. ‘‘पोरगी वाजिवती व्हय? आमचं बारकंबी हलगी वाजिवतंय. लई गोंगाट करतंय.’’

मामा पुढे वाकला. ‘‘किती वर्षांचा?’’

‘‘सातवं लागलंय.’’

‘‘उद्या संध्याकाळी सातला घेऊन या. ब्राह्मणपुरीत कुणालाही भाऊंचं घर विचारा. काय काय बसवलंय त्यानं?’’

‘‘बसवलंय कशाचं सायेब, बसतच न्हाई ते एका जागी.’’

‘‘म्हणजे लय चांगली असणार,’’ मामा आमच्याकडे वळून म्हणाला. ‘‘प्रास्ताविकात हलगीवर थोडं बोलावं लागेल. कुठून सुरुवात करू?’’

‘‘जेवण झाल्यावर करा,’’ मामी म्हणाली. ‘‘उद्या रस आहे.’’