ट्रिपल झीरो

दिवाळीतला किल्ला मुलं करतात, असा एक समज आहे. माती मुलं कालवतात, हे खरं. पोती आणि विटा मुलं गोळा करतात, अळीव मुलं पेरतात, शेजारच्या बांधकामावरची वाळूही मुलंच लंपास करतात. पण बुरुजावर पहिला मावळा चढवायची वेळ आली, की तळमजल्यावरचं एक दार उघडतं आणि साठीला टेकलेला एक गृहस्थ बुटांचं खोकं दोन्ही हातांवर तोलत बाहेर येतो. खोक्यात कापूस, कापसात मावळे. "हात नाही लावायचा. लांबून बघा," असं म्हणून तो दिवाळीचा शुभारंभ करतो.

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत हा इसम सापडतो. मुलं त्याला 'ट्रिपल झीरो' म्हणतात, कारण त्याच्या खिशाला पेनाऐवजी ००० नंबरचा ब्रश असतो. नोकरीत तो बहुधा ऑडिटला होता. दुसऱ्याच्या कामातली बारीकशी चूक हुडकायची जन्माची सवय निवृत्तीनंतर जाणार कुठे? ती तीन इंची मातीच्या शिपायांवर जाऊन बसली.

नवरात्र संपलं, की तो कसब्यातल्या कुंभारवाड्यात हजर. बाकीची गिऱ्हाइकं चकचकीत रंगवलेली चित्रं निवडत असतात. सिंहासनावरचे महाराज, तुतारीवाले, भालदार, गवळण, वाघ, विहीर. हा विचारतो, "कोरी आहेत का?" मग पांढऱ्याफटक ढिगाशेजारी बैठक मारून एकेक मावळा उलटा करतो, साच्याची रेघ नखानं तपासतो, मानेपाशी बुडबुडा राहिलाय का बघतो. "रंगवलेलं त्याच भावात देते की, काका," बाई म्हणते. पण रंगवलेला मावळा घरी नेऊन आधी त्याचा रंग खरवडावा लागतो, हे तिला तोंडावर कसं सांगणार?

त्याच्याशी बोलताना एक विषय चुकूनही काढू नये. प्रमाण. एरवी किल्ल्यावर कोंबडी वाघाएवढी असते, दरवाज्यातून आत शिरायचं तर मावळ्याला रांगावं लागतं, आणि त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. ट्रिपल झीरोचं बिघडतं. साडेपाच फुटी माणूस तीन इंचांत, म्हणजे एकास बावीस, हे तो दूध घ्यायला फाटकापाशी आलेल्यांनाही सांगतो. या हिशेबानं समुद्रसपाटीपासून ८२० मीटर उंचीचा रायगड सदतीस मीटरचा होतो, म्हणजे बारा मजली. सोसायटीच चार मजली आहे. परदेशात युद्धखेळांसाठी २८ मिलिमीटरची चित्रं वापरतात, त्या मापात रायगड पावणेचौदा मीटरांवर आणता येईल, असा तोडगा त्यानं वार्षिक सभेत मांडला होता. सेक्रेटरींनी तो 'पाण्याची टाकी' या विषयाखाली नोंदवून घेतला.

घरात 'पोरखेळ' हा शब्द निघाला, की तो एच. जी. वेल्सला साक्षीला काढतो. वेल्सनं १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांचं पुस्तक लिहिलं आणि हा खेळ बारा ते दीडशे वर्षं वयाच्या मुलांसाठी आहे, असं शीर्षकातच जाहीर करून टाकलं. म्हणजे अजून नव्वदेक वर्षं आपल्याला कुणी हटकू शकत नाही, असा याचा युक्तिवाद. मुलांचे खेळ आवडणाऱ्या हुशार मुलींनाही त्या शीर्षकात जागा आहे. बायकोला मात्र ते आमंत्रण वाटत नाही.

तिचंही बरोबर आहे, कारण रंगकाम बाल्कनीत चालतं. आधी खालून काळा प्राइमर फवारायचा, मग वरून पांढरा. डोक्यावर सूर्य असल्यासारखी सावली मावळ्यावर आपोआप पडते. दोरीवरच्या कपड्यांवरही पडते. मावळा खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मेणानं चिकटवलेला असतो, म्हणजे त्याला बोट न लावता फिरवता येतं. रंग जाड लावायचा नाही, पातळ थर द्यायचे. मग चिलखताच्या कड्यांत आणि अंगरख्याच्या चुण्यांत काळपट पाणी सोडायचं, ते आपसूक खोलगट भागात जाऊन बसतं. परदेशातले शौकीन असल्या तयार बाटलीला थट्टेनं 'लिक्विड टॅलेंट' म्हणतात. ट्रिपल झीरो ती घरीच बनवतो. तपकिरी ॲक्रिलिक, पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. त्यानंतर जुन्या बनियनवर ब्रश जवळजवळ कोरडा करून उंचवट्यांवरून फिरवला, की कडा उजळतात. बनियन जुना होता की नाही, याबद्दल घरात दोन मतं आहेत. शेवटी वेदरिंग. लढाईवरून आलेला गडी शोरूममधून आल्यासारखा दिसून कसं चालेल? म्हणून स्पंजाच्या कपट्यानं धूळ, गंज, ओरखडे. आठवडाभर खपून चकचकीत केलेली ढाल पुढचा आठवडाभर तो मळवत बसतो.

ब्रशाची कथा वेगळीच. आपल्याकडे पूर्वी मुंगसाच्या केसांचे ब्रश सर्रास मिळायचे, वन्यजीव कायद्यानं ते बंद झाले, हे तो निम्म्या दुःखानं आणि निम्म्या अभिमानानं सांगतो. आता पुतण्या परदेशातून कोलिन्स्की आणतो, म्हणजे सायबेरियातल्या मुंगसासारख्याच एका प्राण्याच्या शेपटीचे केस. त्याला टोक यावं म्हणून ब्रश ओठांतून ओढायची याला सवय. एकादशीला खिचडीतलं मीठ सैंधवच आहे ना, अशी खात्री करून घेणारा हा माणूस त्याच तोंडानं दुपारभर सायबेरियातली शेपूट चोखत बसतो.

पण त्याची खरी करामत शस्त्रक्रियेत. बाजारात सगळे मावळे एकाच साच्यातले, एकाच पवित्र्यात उभे. हा हॅकसॉच्या पात्यानं हात कापतो, आत टाचणी घालतो, फेविक्विकनं जोडतो आणि वरून एम-सीलचा दंड फुगवतो. घरातला नळ गळतो तो गळतोच, एम-सील मिशांना लागतं. तानाजीची ढाल तुटल्यावर त्यानं डाव्या हाताचीच ढाल केली, असं सभासद बखर सांगते. म्हणून हा मुद्दाम ढालवाला मावळा आणतो आणि ढाल पकडीनं मोडतो. मुळात बिनढालीचा का नाही आणला, असं मी विचारलं, तर म्हणाला, "आधी असल्याशिवाय तुटणार कशी?"

१६७४च्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन हजर होता. बाजारात ऑक्झेंडन मिळत नाही, ट्रॅफिक हवालदार मिळतो. ट्रिपल झीरोनं त्याची शिट्टी तासली, खांद्यापर्यंत केस सोडले आणि बोटांत नजराण्याची हिऱ्याची अंगठी दिली. अंगठी दिसत नाही. भिंगातूनही दिसत नाही. पण आहे, असं तो शपथेवर सांगतो. बत्तीस मण सोन्याच्या सिंहासनासमोर हा इंग्रज हात वर करून उभा राहिला, तेव्हा पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "काका, हा महाराजांना साइडला घ्यायला सांगतोय का?" काका तडक घरात गेले आणि पुस्तक घेऊन आले. महाराजांना दिसावी म्हणून अंगठी खरोखरच उंच धरली होती, ऑक्झेंडननं नाही तरी त्याच्या दुभाष्यानं, नारायण शेणव्यानं, असं ऑक्झेंडनच्याच टिपणात आहे. पुस्तक इंग्रजीत होतं. मुलगी तोवर चकलीकडे वळली होती.

डोळ्यांपाशी मात्र हा सगळा तोरा उतरतो. दीड मिलिमीटरचा डोळा. कोपरं टेबलाला टेकवून, पंखा बंद करून, श्वास धरून तो उजवा डोळा काढतो. छान जमतो. मग डावा काढतो, आणि मावळ्याचा एक डोळा राजगडाकडे, तर दुसरा तोरण्याकडे लागतो. पुसायचं, पुन्हा काढायचं. तेही फसलं, की भुवया दाट होतात, पागोटं खाली येतं. अखेर निम्मी शिबंदी डोळे मिटून उभी राहते. "हे पहाऱ्यावर झोपलेत का?" मुलं विचारतात. "मुजरा करतायत," हा म्हणतो.

आणि तिकडे कुंभारवाड्यात, ढिगामागे बसलेली एक म्हातारी मोबाइल मानेत धरून कुणाच्या तरी सोयरिकीची बोलणी करता करता डोळे काढत असते. पांढरा ठिपका, काळा ठिपका, पुढचा घ्या. एक मावळा तिरळा असेल तर शपथ. ट्रिपल झीरो दर वर्षी तिच्यापाशी गरजेपेक्षा जास्त रेंगाळतो. एकदा त्यानं धीर करून ब्रश कुठला म्हणून विचारलं. तिनं पोराच्या दप्तरातला असावा असा झिजका ब्रश दाखवला आणि म्हणाली, "डोळ्याकडं बघायचंच न्हाई. नाकाकडं बघायचं." घरी येऊन त्यानं करून पाहिलं. नाक काळं झालं.

तुळशीचं लग्न लागलं, की उरलेल्या फटाक्यांनी किल्ला उडवायचा मुलांचा रिवाज. आदल्या रात्री हा टॉर्च घेऊन गड खाली करतो. आपला एकेक माणूस कापसात निजवतो आणि जागोजागी बाजारू मावळे उभे करतो. मुलांना सगळं ठाऊक असतं, ती वरच्या गॅलरीतून बघत असतात. यंदा अंधारात भुयारापाशी त्याचा एक गडी राहिला. सकाळी सुतळी बॉम्ब लागला, माती गच्चीपर्यंत उडाली आणि कुणीतरी ओरडलं, "अरे, काकांचा होता!" सगळी पोरं जिन्यात गडप.

ट्रिपल झीरो बाहेर आला. ढिगाऱ्यात हात घालून त्यानं मावळा काढला. ढालीचा टवका गेलेला, पागोट्याचं टोक उडालेलं, गालावर दारूची काजळी. चष्मा कपाळावर सरकवून, भिंग लावून तो बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

"असं वेदरिंग स्पंजानं नाही येत," तो म्हणाला. मग जिन्याकडे वळून त्यानं हाक मारली, "ए पोरांनो, सुतळी बॉम्ब उरलाय का एखादा? थांबा, ऑक्झेंडनला घेऊन येतो."