कॅपिटॉल, डोंबिवली पूर्व

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने काय वाचावं, याबद्दल आपल्याकडे फारसे मतभेद नाहीत. ज्ञानेश्वरी, म्युच्युअल फंडावरचं एखादं पुस्तक, आणि साखर वाढली असेल तर मधुमेहावरचं. धनुष्यबाण घेतलेली सोळा वर्षांची पोरगी या यादीत बसत नाही. म्हणून लोकलमध्ये 'द हंगर गेम्स' वाचताना मी त्याला खाकी कव्हर घालत असे. समोरच्या एका सद्गृहस्थांनी "गाथा का?" असं आदराने विचारलं, तेव्हा मी नुसती मान हलवली. पानावर त्या वेळी प्रयोगशाळेत तयार केलेल्या विषारी गांधीलमाश्यांचं आख्खं पोळं झोपलेल्या पोरांवर कोसळत होतं.

पुस्तक मुळात माझं नव्हतंच. माझी मुलगी मुक्ता दहावीत, आणि भूमितीच्या पुस्तकाखाली भलतंच काहीतरी धरून वाचत असलेली. पितृधर्माला जागून मी ते जप्त केलं. नुसतं चाळून बघावं म्हणून उघडलं, ते रात्री दोनला बायकोने मेन स्विचला हात घातला तेव्हा मिटलं. सकाळी मुक्ताने विचारलं, "बाबा, माझं पुस्तक?" मी म्हटलं, "परीक्षा झाल्यावर मिळेल." खरं तर माझी शंभर पानं राहिली होती.

सुझन कॉलिन्सची ही कादंबरी २००८ची. उत्तर अमेरिकेच्या भग्नावशेषांवर पॅनेम नावाचं राष्ट्र उभं आहे. राजधानी कॅपिटॉल मजेत, बारा डिस्ट्रिक्ट उपाशी. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून १२ ते १८ वयाची एक मुलगी आणि एक मुलगा दरवर्षी चिठ्ठी टाकून उचलायचे, त्या २४ जणांना रिंगणात सोडायचं, एकच जिवंत उरेपर्यंत झुंजवायचं, आणि बाकीच्यांनी ते टीव्हीवर बघायचं. एका रात्री चॅनल बदलता बदलता एकीकडे रिअॅलिटी शो आणि दुसरीकडे इराकचं युद्ध असं दिसत गेलं, त्यातून आपल्याला हे सुचलं, असं कॉलिन्सबाईंनी सांगितलं आहे. आम्हीही जेवताना असेच चॅनल बदलतो. फक्त आम्हाला त्यातून काही सुचत नाही.

या पुस्तकातली सगळ्यात पाताळयंत्री गोष्ट मारामारीची नाही, धान्याची आहे. गरिबाच्या पोराला वर्षभराचं थोडंसं धान्य आणि तेल हवं असेल तर मिळतं, पण त्या बदल्यात चिठ्ठ्यांमध्ये त्याचं नाव एकदा जास्त पडतं. वर त्या चिठ्ठ्या साठत जातात. नायिका कॅटनिसच्या नावाच्या चिठ्ठ्या २०, तिचा मित्र गेल याच्या ४२. ज्याच्या घरी तोंडं जास्त, त्याचं मरण जवळ. कारभाराची ही अक्कल बघून मी थक्क झालो आणि लगेच ती घरात राबवली.

आमच्या कामाच्या मावशी गावाला गेल्या की भांडी कुणी घासायची, यावरून घरात तंटा होतो. मी स्टीलच्या डब्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि नियम केला: जो दुसऱ्यांदा श्रीखंड वाढून घेईल त्याची एक चिठ्ठी वाढेल. श्रीखंड मुक्ताला आवडतं, त्यामुळे सापळा कुणासाठी होता हे सांगायला नको. मुक्ताने त्या दिवसापासून श्रीखंड सोडलं आणि वहीच्या मागच्या पानावर संभाव्यतेचं गणित मांडलं. ते बरोबर आलं. मी ओट्यापाशी उभा राहून कढईचा बुडाला लागलेला थर काथ्याने खरवडत असताना तिने ते मला वाचून दाखवलं. डब्यात बहुतेक सगळ्या चिठ्ठ्या माझ्याच होत्या.

तुम्ही म्हणाल, या वयात हे काय! पण मी एकटा नाही. २०१२ साली अमेरिकेत बाउकर या संस्थेने पाहणी केली, तेव्हा कुमारांसाठी म्हणून छापलेली पुस्तकं विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक अठरा वर्षांवरचे निघाले. त्यातला सर्वांत मोठा गट ३० ते ४४ वयाचा होता. म्हणजे त्या गटातही मी बसत नाही, हे मुक्ताने लगेच दाखवून दिलं.

आमच्या लहानपणीची विज्ञानकथा वेगळी होती. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नबरोबर आम्ही कुठे कुठे फिरून यायचो आणि जेवायला घरी असायचो. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. पुढे त्यांची पुस्तकं आम्ही वाचनालयात नंबर लावून वाचली. त्या गोष्टींत संकट आलं की कुणीतरी जाणता माणूस विचार करायला बसे, आणि आम्ही निर्धास्त होत असू. या नव्या पुस्तकांत एक मोठा माणूस धड असेल तर शपथ. कॅटनिसचे वडील खाणीतल्या स्फोटात गेलेले, आई त्या धक्क्याने अंथरुणाला खिळलेली, मार्गदर्शक हेमिच कायम दारूत. 'द मेझ रनर'मध्ये पोरांची स्मृती पुसून त्यांना चक्रव्यूहात ढकलणारे खुद्द शास्त्रज्ञच, आणि तेही जगाच्या भल्यासाठी! नील शुस्टरमनच्या 'अनवाइंड'मध्ये (२००७) तर १३ ते १८ वयातलं पोर डोईजड झालं की आईबाप एका सहीवर त्याचे अवयव वाटून टाकू शकतात. हे पुस्तक मुक्ताने पूर्वपरीक्षेच्या निकालापर्यंत माझ्या हाती लागू दिलं नाही.

लोईस लोरीच्या 'द गिव्हर'मध्ये (१९९३) प्रत्येक कुटुंबाने रात्री जेवताना आपापल्या भावना सांगायच्या, असा दंडक आहे. मला तो फार आवडला. पोळीचा तुकडा मोडत मी जाहीर केलं, "आज प्रत्येकाने आपली भावना सांगायची." बराच वेळ फक्त कुकरची शिटी ऐकू आली. शेवटी मुक्ता म्हणाली, "आमटीत मीठ कमी आहे, ही माझी भावना." बायको म्हणाली, "मग उद्यापासून तू कर, ही माझी." त्याच पुस्तकात नायक जोनास एक सफरचंद घरी नेतो, तेव्हा कुणाचंही नाव न घेता भोंग्यावरून सूचना होते की अकरा वर्षांच्या मुलांनी क्रीडांगणातून वस्तू नेऊ नयेत. नाव नसतं, पण कळायचं त्याला कळतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'बी विंगच्या चौथ्या मजल्यावरील काही सभासद कचरा वेळेवर बाहेर ठेवत नाहीत' असा मेसेज येतो तो याच शैलीत. चौथ्या मजल्यावरचा दुसरा फ्लॅट वर्षभर बंद आहे.

व्हेरोनिका रॉथने विद्यापीठात शिकता शिकता लिहिलेल्या 'डायव्हर्जंट'मध्ये (२०११) शिकागो शहर पाच गटांत वाटलेलं आहे. सोळाव्या वर्षी चाचणी होते आणि पोराला जन्माचा गट निवडावा लागतो. शूरांच्या गटात गेलं तर धावत्या गाडीत चढणं आणि तिच्यातून उडी मारणं आलं. डोंबिवलीकराला यात घाबरण्यासारखं काय? उतरायचं असताना गर्दीमुळे उतरता न येणं म्हणजे काय, हे त्या शूरांना कुणीतरी सांगायला हवं. सोळाव्या वर्षीची निवडही मला नवी नव्हती. आपल्याकडे सायन्स, कॉमर्स आणि आर्ट्स असे तीन गट आहेत. फरक एवढाच, की त्या भयंकर राज्यात चाचणी काहीही सांगो, शेवटी पोर स्वतःच्या हाताने निवडतं. मुक्ताचं सायन्स मी ती सातवीत असतानाच ठरवून ठेवलं होतं.

'मॅच्ड' ही अॲली कॉन्डीची कादंबरी (२०१०) मी आईला सांगायला घेतली. म्हटलं, "अगं आई, काय भयानक! सतराव्या वर्षी सरकारच तुमचा जोडीदार ठरवतं. सगळी माहिती तपासून, आकडेमोड करून. मुलीला कुणी विचारत नाही."

आईने निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवली. "ठरवल्यावर जेवण असतं का?"

"असतं ना. मोठी मेजवानी असते."

"खर्च कुणाचा?"

"सरकारचा. मुलीचे कपडेसुद्धा सरकारच पुरवतं."

"मग यात भयानक काय आहे रे?" आई म्हणाली. "आमच्या वेळी पत्रिका जुळवायला गुरुजी पैसे घेत."

एवढं सगळं पचलं म्हणून मी सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत गेलो. सभा पार्किंगमध्ये होती. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी प्रत्येक फ्लॅटमागे पन्नास हजार, असा प्रस्ताव सेक्रेटरी वाचत होते. हिशेब कुणाला दाखवलेला नव्हता. माझ्या अंगात कॅटनिस संचारली. तिच्या डिस्ट्रिक्टमध्ये डाव्या हाताची मधली तीन बोटं ओठांना लावून वर धरतात. मुळात ती आभाराची आणि निरोपाची खूण, पुढे ती बंडाची झाली. पुस्तकाबाहेरही झाली: २०१४मध्ये थायलंडमध्ये आणि २०२१मध्ये म्यानमारमध्ये लष्करी सत्तेविरुद्ध लोकांनी रस्त्यावर तीन बोटं उभारली. मीही खुर्चीतून उठलो, बोटं ओठांना लावली आणि हात उंच धरला. सगळं पार्किंग माझ्यामागे उभं राहील, अशी माझी अपेक्षा होती.

सेक्रेटरींनी चष्म्यावरून पाहिलं आणि शेजाऱ्याला सांगितलं, "ठराव क्रमांक तीन, अनुमोदक फ्लॅट चारशे दोन. लिहून घ्या."

ठराव क्रमांक तीन म्हणजे वॉटरप्रूफिंगच. मी तोंड उघडेपर्यंत टाळ्या झाल्या होत्या, चहा आला होता, आणि अनुमोदकांना एवढा उत्साह आहे तर त्यांना वसुली समितीवरच घेऊ, असंही ठरलं होतं. पुढचे कित्येक रविवार मी पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरलो. तळमजल्यावरच्या काकू सेफ्टी डोअरच्या जाळीतून मला बघत आणि आतल्या आत म्हणत, "आले बघ, घेऊन जाणारे."

घरी येऊन मी मुक्ताला म्हटलं, "बंडखोराचं नशीबच असं असतं."

"बाबा, तू स्वतःला कोण समजतोस त्या पुस्तकात?"

"कॅटनिस नाही, पण निदान रिंगणातला तिचा जोडीदार पीटा?"

"तू पुस्तकं जप्त करतोस. फोन तपासतोस. जेवताना काय बोलायचं ते ठरवतोस. चिठ्ठ्यांचे नियम तूच करतोस, आणि आता वसुलीही करतोस. तू कॅपिटॉल आहेस."

"आणि आजी?"

"आजी म्हणजे डिस्ट्रिक्ट तेरा. सगळ्यांना वाटतं की ते कधीच संपलं, पण ते जमिनीखाली अण्वस्त्रं घेऊन बसलेलं असतं."

मी हळूच विचारलं, की मग पॅनेमच्या त्या दुष्ट राष्ट्राध्यक्ष स्नोला काहीच बाजू नाही का. तिने कपाटातून पुढचं पुस्तक काढून दिलं. २०२०मध्ये कॉलिन्सबाईंनी त्याच्या तरुणपणाची कादंबरी लिहिली आहे. त्यात तो अठरा वर्षांचा आहे, घरची गरिबी लपवतो आहे आणि गाणाऱ्या एका मुलीच्या प्रेमात पडतो आहे. "म्हणजे कधीतरी तूसुद्धा बरा असशील," मुक्ता म्हणाली आणि भूमिती काढून बसली.

या पुस्तकांवर 'कुमारांसाठी' असं छापतात, ते मला अर्धवट वाटतं. कुमारांना त्यातलं सगळं ठाऊक असतं. ते रोज त्याच घरात राहतात. त्यांना त्यात मजा येते, कारण शेवटी कुणीतरी कॅपिटॉलला हरवतं. आपण ती वाचायची ती स्वतःची ओळख पटावी म्हणून. तेव्हा घरात दहावीचं पोर असेल आणि भूमितीखाली काही दडवलेलं दिसलं, तर ते हिसकावून घेऊ नका. त्याचं वाचून झाल्यावर मागून घ्या, आणि अकरावीच्या फॉर्मवर पसंतीक्रम भरायची वेळ आली की पेन त्याच्या हातात द्या.