पाण्याबाहेर वाढणारा मासा

आमच्या काकांना मासेमारीचं वेड लागलं सातव्या वर्षी. मृगाचा पाऊस, गॅसबत्तीचा उजेड, आणि वहाळातून भातखाचरांकडे अंडी घालायला निघालेल्या चढणीच्या माशांवर कोयत्याचे घाव. पहिला मासा वीतभर होता. यंदाच्या गणपतीत तो हातभर झाला. पाण्याबाहेर वाढणारी ही एकमेव जात! शिकारीचं म्हणाल, तर आजोबांची ठासणीची बंदूक त्यांनी खुंटीवर टांगलेलीच पाहिली. तरी '१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा आला, नाहीतर दाखवलं असतं' असं ते उसासून सांगतात. त्यांचा जन्म १९७४चा.

'हल्ली वहाळात मासेच उरले नाहीत रे,' काका परवा हळहळले. तोंडात गाबोळी होती.